परातीत पाणी की रेती : आमच्या इंदूरच्या ड्रमची पूर्ण केस

स्मोकरमधे, म्हणजे निखाऱ्यांच्या मंद आचेवर आणि धुरात तासन्तास मांस शेकायच्या ड्रममधे, पाण्याचं भांडं ठेवायचं की नाही, यावर आमच्या घरात जानेवारी ते जून भांडण चाललं. आणि भांडण म्हणजे खरंच भांडण, मधे दोन दिवस दादा माझ्याशी बोलत नव्हता. दर वेळचं तापमान, वेळ, कोळसा सगळं मी मोबाईलमधे टिपत गेलो म्हणून आता नीट लिहून काढतोय, नाहीतर आमच्याकडे कुठल्याही स्वयंपाकाची आठवण "मागच्या वेळी मस्त झालं होतं" एवढीच राहते आणि मागच्या वेळी नेमकं काय केलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

आधी सामान सांगतो. दादाने २०० लिटरचा लोखंडी ड्रम आणला, आधी खाण्याच्या तेलाचा होता, आत मोठी लाकडं जाळून जुना रंग पूर्ण उडवला (हे न करता मांस लावू नका, तो रंग पोटात जातो). मग एका वेल्डरकडून बाजूला दार कापून घेतलं, तळाशी हवेची तीन भोकं आणि त्यांवर सरकत्या पट्ट्या, वर धुराडं. कोळशाची जाळीची टोपली तळाला, तिच्यावर हातभर अंतर सोडून मांसाची जाळी. दार मात्र वाकडं बसलंय, खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट आहे. त्या वेळी कोणी लक्ष दिलं नाही, फटीतून लाल निखारे दिसतात म्हणून पोरं खुश. ही फट लक्षात ठेवा.

ड्रम गच्चीवर ठेवता येत नाही, कॉलनीत अर्धी घरं जैनांची आणि धूर सरळ त्यांच्या बाल्कनीत, म्हणून तो खंडवा रोडच्या शेतावर गेला. तिथे वारा. मालव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, रात्री गार, "शब-ए-मालवा" (मालव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत, जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास. पातळ पत्र्याचा ड्रम अशा वाऱ्यात उभा केला की एक बाजू तापते आणि दुसरी थंड पडते.

मांस काय, तर रान. म्हणजे बकऱ्याची मागची मांडी, जंगल नव्हे, पुण्याच्या भाच्याला हे फोनवर दोनदा सांगावं लागलं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण या विषयावर जे अमेरिकन व्हिडिओ आहेत ते डुकराचा खांदा नाहीतर गाईच्या छातीचा पाच-सहा किलोचा चरबीने भरलेला तुकडा घेऊन बसतात. तो तुकडा बारा तास शेकला तरी आत चरबी विरघळत राहते. आमची रान दोन किलोची, वरची चरबी खाटिकच काढून देतो, आत थोडीशीच. तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लावला की फसतो, आणि आम्ही तोच लावला.

पहिली वेळ, संक्रांतीनंतरचा रविवार. परात नाही, काही नाही, रान सरळ निखाऱ्यांच्या वर. दादाचं म्हणणं होतं, चरबी निखाऱ्यावर पडते आणि तिचा जो धूर उठतो तीच तर शिगडीची चव, मधे भांडं घातलं की मग कुकरमधे का नाही शिजवत. त्याचं अगदी चुकीचं नव्हतं, सीख कबाबची अर्धी चव तीच असते. पण सीख पाच-सात मिनिटांत उतरते आणि रान पाच तास बसते, पाच तास चरबीचा धूर खाल्ला की वर काजळी चढते. जाळीजवळचं तापमान ११० अंश सेल्सिअसवर जायचं, मग एक थेंब पेटला की १६०, पट्टी बंद करा, पुन्हा १०५, पुन्हा वारा आला की १५०. झाकणावरच्या गोल काट्यावर विश्वास ठेवू नका हेही त्याच दिवशी कळलं, तो जाळीपेक्षा वीसेक अंश वेगळं दाखवत होता, त्यामुळे पुढच्या वेळेपासून तारेचा डिजिटल थर्मामीटर, एक तार जाळीवर आणि एक मांसात. साडेतीन तासांनी रान बाहेरून काळीकुट्ट, कडवट, आणि आत हाडाजवळ चिवट. दोन कोंबड्या पण लावल्या होत्या त्या मात्र जबरदस्त झाल्या, कातडी कुरकुरीत, रान कोणी खाईना आणि कोंबडी दहा मिनिटांत संपली.

दुसऱ्या वेळी मी हट्ट धरला. कारण मी वाचलं होतं की वेबर या अमेरिकन कंपनीचा तो उभा, बंदुकीच्या गोळीसारखा स्मोकर १९८१ पासून आतल्या पाण्याच्या भांड्यासकटच येतो, म्हणजे काहीतरी कारण असणार ना. वहिनींची कणीक मळायची मोठी स्टीलची परात न विचारता उचलली (इथून पुढची वेगळी केस आहे), टोपली आणि जाळीच्या मधे दोन सळ्यांवर ठेवली आणि नळाचं गार पाणी पाच लिटर ओतलं. जस्ताच्या पत्र्याची बादली किंवा घमेलं वापरायचा विचार असेल तर नको, तापलं की जस्ताची वाफ विषारी, स्टीलच घ्या.

झालं असं की जाळीवरचं तापमान दीड तास ९२-९५ च्या वर सरकेच ना. सगळ्या पट्ट्या उघडल्या, कोळसा घातला, आणखी घातला. एकूण साधारण चार किलो कोळसा गेला, पहिल्या वेळी अडीच लागला होता. नंतर बसून हिशेब केला तेव्हा कळलं की मी काय मूर्खपणा केला. एक लिटर पाणी गार असताना उकळीपर्यंत न्यायला साधारण ८० किलोकॅलरी लागतात आणि तेच उकळलेलं पाणी वाफ करून उडवायला आणखी ५४० च्या आसपास. पाच लिटर म्हणजे तीन हजारांवर. किलोभर चांगला कोळसा सात हजार देतो, पण त्यातली बरीच उष्णता धुराड्यातून वर आणि पत्र्यातून बाहेर, पाण्याच्या वाट्याला किती येणार. आणि मी तर शेतातल्या टाकीचं जानेवारीतलं पाणी घेतलं होतं, हात बुडवला तर बोटं बधिर.

वरून एक गोष्ट, पाणी असेपर्यंत परात स्वतः पाण्याच्या उकळीच्या वर जात नाही, इंदूरच्या उंचीवर तर पाणी १०० ला नाही, ९८ च्या जवळपासच उकळतं. म्हणजे निखारे आणि मांसाच्या मधे तुम्ही एक असं ताट धरलंय जे काही केलं तरी शंभराच्या पुढे तापत नाही. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. वारा आला, निखारे भडकले, तरी वरचं वाटोळं होत नाही, जास्तीची आच पाणी गिळतं आणि वाफ होऊन निघून जातं. पण तुम्हाला खरंच आच हवी असते तेव्हाही ते गिळतच राहतं.

मांस ७१-७२ ला जाऊन अडकलं. तासभर काटा हलेना. नाना म्हणाले थर्मामीटर खराब आहे, दादा म्हणाला तुझी परात खराब आहे. खराब काहीच नव्हतं, मांसातलं पाणी वर येऊन सुकत असतं आणि सुकताना थंडावा करतं, माठ करतो तसाच, आच जेवढी आत येते तेवढी बाहेर जाते. मे महिन्यात इंदूरला कूलर लावला की खोली कशी गार होते आणि ऑगस्टमधे तोच कूलर नुसता चिकचिक करतो, कारण हवेत आधीच ओल. तसंच आतमधे वाफ असली की मांसाचं सुकणं मंदावतं, म्हणजे खरं तर वाफेने ही अडकण कमी व्हायला पाहिजे, आणि होतेही, पण आमची आचच मुळात ९५ ची होती तर ते काय पुढे सरकणार. रात्री अकराला जेवलो. कडवटपणा शून्य, सगळीकडे सारखी शिजलेली, आणि वरून रंग असा फिका की आत्या म्हणाली, "अरे ही कुकरमधून काढलीस का?" दादा तेव्हा जो हसला त्यावरूनच ते दोन दिवसांचं अबोलणं. कोंबडीची कातडी रबर. कोंबडीला वाफ नको, हे तेव्हाच पक्कं झालं आणि त्यावर परत कधी वाद झाला नाही.

आता रसाळपणाचं सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. सगळे म्हणतात पाणी ठेवा, मांस रसाळ राहतं. मी दोन्ही वेळा रान आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवली होती. पाण्याशिवायच्या रानेचं शंभरातलं अडतीस वजन गेलं आणि पाण्याच्या रानेचं छत्तीस. एकेका रानेवरून काही सिद्ध होत नाही हे कबूल, पण वाफेने मांसात पाणी भरत नाही हे बिनवजनाचंही समजण्यासारखं आहे, आतलं पाणी जातं ते स्नायूचे तंतू तापून आकसतात आणि पिळून काढतात म्हणून, बाहेरची हवा ओली असली तरी तंतू आकसायचे थांबत नाहीत. खाताना जे रसाळ लागतं ते नळीजवळचा, सांध्याजवळचा चिवट पडदा हळूहळू विरघळून चिकट होतो त्याचं असतं, आणि त्याला वेळ लागतो, आत ९० च्या जवळपास पोचून तिथे थोडं थांबावं लागतं. परात तो वेळ मिळवून देते, बाहेरून न जाळता. रस ती देत नाही.

आत्याने त्या परातीत तमालपत्र, वेलदोडा, लसूण असं सगळं टाकलं होतं, "वाफेतून वास जाईल". शेतभर वास गेला, रानेला काही गेला नाही. तोच मसाला मांसाला चोळला असता तर.

तिसरी वेळ रंगपंचमीच्या आधी, गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, बघायला सगळे पाहुणे जमणार होते म्हणून. या वेळी दादाने कुठेतरी पाहिलेलं, परातीत पाण्याऐवजी कोरडी रेती, वर फॉईल. बांधकामाची उरलेली नर्मदेची रेती होतीच, शहराचं पाणीही नर्मदेचंच, त्यामुळे नाना म्हणाले परातीत काय वाट्टेल ते टाका, नर्मदा मैया आहेच. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" हे पण ऐकवून झालं. रेतीत कोळसा खरंच कमी लागला, दोन किलोच्या आत, आणि सुरुवातीचे दोन तास आच १२० वर अशी शांत बसली की दादाने मला फोटो काढायला लावला. मग वारा फिरला. त्या फटीतून हवा आत, निखारे पेटले, १४५. पट्ट्या सगळ्या बंद केल्या तरी तासभर खाली येईना, कारण रेतीने जी उष्णता धरली ती ती सोडत बसली. वजनाला वजन धरलं तर रेती पाण्याच्या पाचव्या भागाएवढीच उष्णता साठवते, त्यामुळे ती तापते लवकर, आणि तिला कुठे उकळी येत नाही म्हणून वरची मर्यादाच नाही. शिवाय फॉईलवर पडलेली चरबी करपली आणि तो वास पहिल्या वेळचाच. रान खाल्ली सगळ्यांनी, पण साल काढून.

इथपर्यंत आम्ही दोघेही समजत होतो की वाद पाणी विरुद्ध कोरडं असा आहे. मला खरं सुचलं ते दाल-बाफले खाताना. बाटी सरळ गोवऱ्यांवर जाते आणि बाफला आधी उकळत्या पाण्यात आणि मग गोवऱ्यांवर. दोन्ही कणकेचेच गोळे, पण बाफल्यात ओल आधी आणि कोरडी आच नंतर, म्हणून आत मऊ आणि वर खरपूस. पूर्ण वेळ पाण्यात ठेवला तर तो बाफला होणार नाही आणि कोणी ठेवतही नाही. आम्ही मात्र परात एकतर पूर्ण वेळ किंवा अजिबातच नाही असं करत होतो. (मटणाला ही तुलना पूर्ण लागू होत नाही हे माहिती आहे, कणकेतलं वेगळं आणि स्नायूतलं वेगळं, पण क्रमाचं लागू होतं.)

चौथी वेळ मे मधे, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, दुपारी ४१ मधे ड्रमपाशी उभं राहणं शक्य नव्हतं. या वेळी पाणी फक्त दोन लिटर, आणि उकळतं, गॅसवरून किटलीने आणलेलं. कोळसा पूर्ण राखाडी झाल्यावर मगच परात. धुरासाठी जामचं लाकूड, जाम म्हणजे आमच्याकडे पेरू, वाळलेलं, तीन तुकडे. वीस मिनिटांत जाळीवर ११० आणि मग ११० ते ११८ च्या मधे खेळत राहिली, दीड तासात एकदाच पट्टीला हात लावला.

एक रान आणि एक खांदा लावला होता, मुद्दाम. रानेला नुसता कोरडा मसाला आणि मीठ, खांद्याला दही, आलं-लसूण आणि थोडी कच्ची पपई. धूर ओल्या आणि गार पृष्ठभागाला जास्त चिकटतो, म्हणून पाण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की वाफेमुळे रंग छान येतो, आणि रानेच्या बाबतीत ते दिसलंही, पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी सुंदर तांबूस. पण दह्याच्या खांद्याला काही फरक नाही, कारण दही स्वतःच ओलं, त्याला आणखी ओल कशाला. दह्यात मुरवलेलं मटण लावणाऱ्यांनी रंगासाठी परात ठेवायची काही गरज नाही असं माझं मत झालं. पपई मात्र जास्त झाली होती, खांद्याचा वरचा थर पिठासारखा, ती चूक परातीची नाही.

तीन तासांनी मांस ७० वर अडकलं तेव्हा रान फॉईलमधे दोन थर गुंडाळली. आणि इथे एक साधी गोष्ट जी आम्हाला चार वेळा शेकल्यावर समजली, फॉईलमधे गेल्यावर बाहेर वाफ आहे की नाही याने मांसाला शष्प फरक पडत नाही, ते स्वतःच्याच वाफेत बसलंय. मग पाणी भरत राहायचं कशाला. पाणी संपत आलं होतं ते संपू दिलं, परात नुसती आडोसा म्हणून राहिली. दोन तासांत आत ९२, फॉईल काढली, पट्ट्या उघडून पंचवीस मिनिटं कोरड्या आचेवर, वरचा थर खरपूस झाला. हाड हाताने ओढलं तर निघालं. दादा काही बोलला नाही, त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्यात एक प्रकार होता होता राहिला तो सांगतो. कोरड्या परातीत चरबी तापून करपल्याचा वास आला म्हणून माझा भाचा मगभर पाणी ओतायला निघाला. दादाने त्याचा हात धरला. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते फोडणी देणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, इथे तर पेलाभर पाणी आणि खाली निखारे. पाणी घालायचं तर आत थोडं पाणी शिल्लक असतानाच, गरम, आणि बाजूने. एकदा पूर्ण आटलं की हात लावायचा नाही, विझून गार होईपर्यंत.

आणि मग जूनमधे, पहिल्या पावसाच्या आधी, पाचवी वेळ. खरं तर ही केस इथे उलटली. वहिनी शेतावर आल्या होत्या, ड्रमकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, एवढी फट आहे, दमाच्या भांड्याच्या झाकणाला लावतो तशी कणीक का नाही लावत?" पाच महिने आम्ही दोघं पाणी-रेती-पाणी करत होतो आणि दाराच्या फटीकडे कोणी बघितलंच नव्हतं. कणीक मळली (परातीत नाही, परात आता तशी राहिलेली नाही), दोरीसारखी वळून दाराच्या कडेला दाबली. परात रिकामी, फॉईल लावलेली, पाण्याचा थेंब नाही. वारा होता. जाळीवर १२२, १२५, १२१, असं अडीच तास. म्हणजे जे काम मी पाण्याकडून करून घेत होतो, भडकलेली आच गिळायचं, ते काम मुळात हवा अडवायचं होतं, पाणी आमच्या वाईट वेल्डिंगवरचं पांघरूण होतं. तिसऱ्या तासाला कणीक भाजून तडकली आणि मग पुन्हा १४०, तेव्हा किटलीतलं गरम पाणी काढायला गेलो आणि आठवलं की परात कोरडी आणि चरबीची आहे. गप्प बसलो. रान फॉईलमधे होती म्हणून वाचली.

त्यामुळे कोणी विचारलं की पाणी ठेवायचं का, तर मी आधी विचारतो, ड्रमला फट आहे का. जाड मातीच्या भिंतीचा, घट्ट झाकणाचा असेल, तो जपानी कमाडो प्रकारचा, तर त्यात हवा इतकी कमी फिरते की मांसाची स्वतःची ओलच आत राहते, पाण्याची गरज नाही. ज्यात आग बाजूच्या वेगळ्या डब्यात असते त्याला निखाऱ्यांपासून आडोसाही लागत नाही. आमच्यासारखा पातळ पत्रा, खाली सरळ निखारे, वर वारा, तर हो, दोन लिटर, उकळतं, फॉईलमधे गुंडाळेपर्यंत. कोंबडीला कधीच नाही.

दाराला लावायची ती काचेच्या धाग्याची भट्टीची दोरी मागवली आहे. वेल्डरला दार सरळ करायला बोलावतो असं दादा तेव्हापासून म्हणतोय. वहिनींना बर्तन बाजारातून नवीन परात आणून दिली, त्यांनी तिच्यावर नाव कोरून घेतलं, आणि ती आता कुलुपात असते.